घरच्यासाठी पाव फेरा

२ फेब्रुवारी

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर ओळखायला चष्मा पुसाल, म्हणून आधीच सांगते, तुमची पुतणीच लिहितेय. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, तेव्हा पत्रच बरं. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. त्याआधी सहा वर्षं तुम्ही दोघे भाऊ बोलत नव्हतात, आणि कशावरून ते मला ठाऊक आहे. नेमकं त्याचसाठी हे पत्र. हसू नका.

बाबांची मोटरसायकल आता मी चालवते. अंथरुणाला खिळलेल्या अकरा पेशंटच्या घरी जाऊन मलमपट्टी आणि इंजेक्शनं करायची, ही माझी फेरी. पण इंजिनाचं उजवं कव्हर अजूनही गळतंय. जाईन त्या दारात ऑईलचा डाग. परवा एका पेशंटची सून हातात फडकं घेऊनच दार उघडायला आली! आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, पंधरा तारखेला सगळ्यांच्या गाड्या तपासणार, गळकी गाडी फेरीवर चालणार नाही. मग माझी फेरी दुसरीला आणि मी केसपेपरच्या खिडकीत. एका आजोबांची पाठीची जखम दोन महिन्यांनी कुठे भरत आलीय, ती अर्ध्यावर टाकून मी खिडकीत बसायची नाही.

इथल्या दोन मेकॅनिकांनी लांबूनच बघून गाडी भंगारात द्या म्हणून सांगितलं. मी स्वतः उघडणार आहे. कसं ते तुम्ही सांगा.

आईचा नमस्कार. माया आटली नसेल तर लगेच उत्तर धाडावं.

तुमची,
भिंगरी

५ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आ.

कंबर धरलीय, नाहीतर पहिली गाडी पकडून आलो असतो, असं लिहिणार होतो. पण खोटं कशाला बोलू? आलो नसतो. त्या कव्हरखालचं पॅकिंग मीच बसवलं होतं. आठवड्यात गळायला लागलं, तेव्हा दादा चारचौघांत म्हणाला की गिऱ्हाइकाचं मन लावून करतोस आणि घरच्याचं उरकतोस. मी हातातला पाना तिथेच ठेवला आणि निघालो. उरकलं म्हणे! गिऱ्हाइकापेक्षा दुप्पट जीव लावला होता मी. जाऊ दे.

आता नीट वाच. आधी ऑईल काढून घे. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढ आणि निघेल तो बोल्ट पुठ्ठ्यात त्याच्याच जागी खोच, सगळे सारख्या लांबीचे नसतात. जुनं पॅकिंग लाकडाच्या पट्टीने खरवड. स्क्रू-ड्रायव्हर लावलास तर गाठ माझ्याशी आहे. दोन्ही बाजू कोरड्या करून नवं पॅकिंग ठेव, मग समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत जा. सगळे बसले की प्रत्येकाला पाव फेरा जास्त दे. गिऱ्हाइकाला मी तो कधी देत नसे. घरची गाडी म्हणून द्यायचा.

सोबत दोन पॅकिंग आहेत. दोनच उरलीत, ही गाडी बनायची कधीच बंद झाली. वहिनींना नमस्कार.

आशीर्वाद आहेतच,
काका

९ फेब्रुवारी

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

सगळं तुम्ही सांगितलंत तसंच केलं. ऑईल आईच्या कपडे भिजवायच्या टबात काढलं, त्यावरून जे ऐकलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. पुठ्ठ्यात बोल्ट, लाकडाची पट्टी, समोरासमोर आवळणं, आणि शेवटी दात-ओठ खाऊन पाव फेरा. दोन दिवस फरशी कोरडी. मी गल्लीभर मिरवले. तिसऱ्या दिवशी सकाळी खाली तीन थेंब.

रडले. हो, पाच मिनिटं चांगली रडले. मग तोंड धुतलं आणि पुन्हा उघडलं. पॅकिंग दोन बोल्टांच्या मध्ये सुटलेलं होतं. कव्हर आरशाच्या काचेवर पालथं ठेवलं तर डुगडुगतं. प्रत्येक भोकाभोवती बोटाला उंचवटा लागतो, मधला भाग खोल आहे. काका, एकच पॅकिंग उरलंय आणि सहा दिवस. मला धीर नको, कारण पाहिजे.

राग नसावा, उत्तर मात्र असावं.

तुमची,
भिंगरी

११ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र काल मिळालं. कारण सांगतो, आणि हे मी जन्मात कोणाला सांगितलेलं नाही.

कव्हर मऊ धातूचं. जास्त आवळलं की भोकाभोवतीचा भाग वर ओढला जातो आणि मधे फट राहते. तीस वर्षांत गिऱ्हाइकाची एक गाडी गळत परत आली नाही. गळल्या त्या तीनच, माझी, मेव्हण्याची आणि दादाची. तिन्ही घरच्या. मी कधी ऑईलला नावं ठेवली, कधी रस्त्याला. पोरी, माझ्या मायेचा पाव फेराच नडला. दादा बरोबर बोलत होता आणि मी सहा वर्षं रुसून बसलो. आता हे सांगू कुणाला?

असो. तुझं काम आधी. सपाट जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर अंथर, त्यावर कव्हर पालथं ठेवून गोल गोल घास. सगळीकडे सारखी चमक येईपर्यंत थांबू नकोस. इंजिनाच्या कडेलाही बोट फिरव. तिथे उंचवटा असेल तर आत चिंध्या कोंबून, लाकडी ठोकळ्याला कागद गुंडाळून हलक्या हाताने घास. मग सगळं पुसून शेवटचं पॅकिंग लाव. आखूड पाना घे आणि दोन बोटांनी आवळ. अडला की सोड. जीव लावू नकोस, गिऱ्हाईक आहे असं समज.

तुझा,
काका

१५ फेब्रुवारी

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

दोन दिवस ड्यूटीवरून आले की घासत बसायचे. खांदे भरून आले, पण चमक आणलीच. बोल्ट दोन बोटांनी आवळले. हात शिवशिवत होता, आणखी थोडं, आणखी थोडं, असं होत होतं. पाना आईकडे देऊन टाकला आणि हात मागे बांधून उभी राहिले.

आज डॉक्टरीणबाईंनी इंजिनाखाली पांढरं बँडेजचं कापड अंथरलं, अर्धा तास गाडी चालू ठेवायला लावली, वर तासभर तशीच उभी केली. मग कापड उचलून दोन्ही बाजूंनी बघितलं. कोरडं ठणठणीत! फेरी माझीच. तिथून थेट आजोबांकडे गेले.

काका, एक चूक केली. तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुला माहीतच नाही. त्या सहा वर्षांत बाबांना जो तो सांगायचा की गाडी दुसऱ्या मेकॅनिककडे टाका. बाबा कोणाला हात लावू देत नसत. रोज सकाळी स्वतः फरशी पुसायचे, वरून ऑईल भरायचे आणि म्हणायचे, धाकट्याने बंद केलंय, उघडेल तर तोच.

ते तुमची वाट बघत होते, काका.

रविवारी गाडी घेऊन येते. आईही मागे बसून येणार आहे. पत्राचं उत्तर नको, घरी असा म्हणजे झालं.

तुमची,
भिंगरी