आईचा निळा अंगठा

जांबोटी, मंगळवार, दिवेलागण

आजीचं भातशेत आईला मिळालं, आईनंतर ते माझं. असंच ठरलेलं. आज बेळगावहून आले, तर आईचा अंगठा निळा!

"कसली गं शाई?"

"सुभाषनं कागद आणलता. पेन्शनचा म्हणाला."

मोतीबिंदूमुळं आईला अक्षर दिसत नाही, हे माझ्या भावाला ठाऊक आहे. मग वाचून का दाखवलं नाही? साबणानं अंगठा दोनदा चोळला. शाई जाईना.

सुभाषला फोन लावला. तो हसला. "आक्का, तुला नोकरी हाय. शेत कशाला? उद्या मोजणीवाले येत्यात."

आईला कसं सांगू? ती खुशीत आहे. आत्ताच म्हणाली, "उद्या सुभाष जेवायला हाय गं. लई दिसांनी येतोय."