गच्चीवरचा ड्रम

ता. ४ नोव्हें. १९८०, हफ्र अल बातिन कॅम्प, सौदी
आज मेसमध्ये रक्त. हेडकुक सलीम उस्ताद आधीच मारकुटा. त्यात नवा कुक ताम. सगळे त्याला चिनी म्हणतात, आहे व्हिएतनामी. होडीतून पळालेला, फ्रेंच कॅटरिंगवाल्यांनी इथे आणलेला. तो माशाचं सार करतो, माणसं वाट्या घेऊन रांग लावतात. उस्तादची डाळ तशीच परत. उस्तादने त्याचा डावा पंजा तापल्या तव्यावर दाबला. चर्र आवाज मी कोठीत ऐकला. तामने उजव्या हाताने सत्तूर उचलला. उस्तादच्या करंगळीचं पेर कांद्यात.
मी कॅम्प बॉसला सांगितलं, कांदा कापताना झालं. उस्ताद माझ्याकडे बघून : "मुकादम, ये उँगली याद रखूँगा." घ्या! कापली मी?

ता. ७ नोव्हें., जुम्मा
तामचा पंजा फुगून पाव झालाय. पट्टी बदलताना पहिल्यांदा बोलला. समुद्रात चाचे होडीवर चढले. "भाई, पहले चाकू लिया. फिर मेरा भाई पानी में." म्हणून सत्तूर उशाखाली. मी उशी बघितली, विषय बदलला.
हा माणूस कॅम्पात सडवायचा नाही. याच्या हातावर हॉटेल चालेल. माझं डोकं अन् त्याचा हात.

ता. १६ फेब्रु. १९८१, जेद्दा
बलदमध्ये, जुन्या बाजारात, जागा मिळाली. खाली दोन खोल्या, वर गच्ची. पाटी अबू फहदच्या नावाची, तोच आमचा कफील, जामीनदार. तामचा इकामा, राहायचा परवाना, तोही त्याच्याकडेच. चूल तामची, तोंड माझं.
ताम मासळीबाजारातून पाट्या भरभरून बारीक मासळी आणतो. मीठ, मासळी, मीठ, मासळी. गच्चीवर दोन ड्रम, एक जिन्यापाशी, एक पाण्याच्या टाकीमागे. खाली तोट्या, मुरलेलं पाणी काढायला, ते सारात घालायचं. "एक साल. हाथ मत लगाना." वास आला अन् मी थेट हर्णैच्या बंदरावर. उन्हातलं खारं, आमची मा नाकाला पदर लावून. डोळ्यांत पाणी. वासाने हो, वासाने.

ता. ९ मे
चाललंय! कोरियन येतात, आपले रत्नागिरीवाले येतात. "मुकादम, हे सार चिन्याचं की तुझ्या माचं?"
पण सलीम उस्तादनेही कॅम्प सोडून मागच्या गल्लीत बिर्याणीचं दुकान टाकलंय. रिकामं. आज त्याचे दोघे आले. काच फोडली, एका कोरियनचं तोंड ताटात दाबलं. तामने कढई फिरवली. एकाचे पुढचे दोन दात फरशीवर. माझ्या भुवईला तीन टाके. बायकोला पत्रात लिहिलं, दाराची चौकट लागली.
उस्ताद समोरच्या फुटपाथवर उभा. तुटक्या करंगळीच्या हाताने सलाम केला.

ता. २ सप्टें.
दुपारी पोलिसांची धाड. कोणीतरी कळवलं, गच्चीवर दारू गाळतात. कोणीतरी! जिन्यापाशीच्या ड्रमच्या तोटीतून तपकिरी पाणी ठिबकत होतं, झालंच. तामला भिंतीवर आपटला, नाक फुटलं. पण लढला नाही. आधी सत्तूर काढून घेतला ना. खाली बसला, हात डोक्यावर. कढई फिरवणारा माणूस तो!
मी म्हणालो, मासे आहेत साहेब, मासे. कानफटीत बसली. मग पेला भरला अन् त्यांच्यासमोर घटाघटा प्यायलो. मग ओकलो. त्यांच्या बुटांवर. त्याचे वेगळे फटके.
एक हवालदार हसला. पण ड्रम सील, तपासणीला. ताम आत.

ता. ३ सप्टें.
अबू फहदने चहा पाजला. "लिहून दे, ड्रम चिन्याचा. तू राहा, दुकान राहील. त्याला फटके, मग खुरूज, देशाबाहेर. खलास."
पाठवणार कुठे?
"आला तिथे."
तिथे म्हणजे कुठे? समुद्रात?
उठलो. चहा निम्मा.
संध्याकाळी ठाण्यात लिहून दिलं : ड्रम माझा. मला हाकललं तर घर आहे, बायको आहे, शिव्या द्यायला मा आहे. आतून ताम ओरडला, "झूठ! ड्रम मेरा!" मी म्हणालो, गप बस रे गाढवा. तो, "मेरा!" साहेबाने पेन खाली ठेवलं. म्हणाला, आजवर दारू प्रत्येकाने दुसऱ्याची सांगितली. तुम्ही कसले दारूवाले?
दोघांचे जबाब घेतले. रिपोर्ट शनिवारी. माझा पासपोर्ट ठेवून घेतला.

ता. ४ सप्टें., जुम्मा
नमाजानंतर गच्चीवर गेलो. टाकीमागचा ड्रम त्यांना दिसलाच नाही. उद्या रिपोर्ट उलटा आला तर हाच गळ्यात. अक्कल सांगते, आत्ताच मोरीत ओत. उस्तादच्या दुकानातून गच्ची सरळ दिसते. तो दारातच उभा होता.
झाकण उचललं. मासळी खाली बसलीय, वर चहासारखं स्वच्छ पाणी. तोटी ठिबकत होती.
एक साल, ताम म्हणाला होता.
झाकण लावलं. तोटीखाली वाटी ठेवली. उद्या आठ वाजता ठाण्यात.