तू पाठवलेलं चूर्ण

ती. आईस,
इथूनच वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. सकाळी आठला गोळीचा गजर झाला की शिवणखान्यातल्या सगळ्याजणी मशीन थांबवून ओरडतात, "गोळी!" मग चुकणार कशी?

प्रतिकारशक्ती वाढवणारं तुझं चूर्ण मिळालं. चमचा भरलासुद्धा होता, पण म्हटलं, आधी डॉक्टरीणबाईंना फोन करू. त्या केवढ्यांदा ओरडल्या! माझ्या गोळ्या ती शक्ती मुद्दाम कमी ठेवतात, नाहीतर शरीर नव्या किडनीवरच उलटेल. डबा घरमालकीणबाईंना दिला. त्या आता दोन-दोन पायऱ्या चढतात!

तुझे टाके दुखतात का गं? खरं सांग.

माझं शरीर खुळंच आहे, आई. तुझी किडनी त्याला अजून परकी वाटते. रोज दोनदा त्याची समजूत घालते.

तुझीच,
थोरली