वाटे पाडणारीचा वाटा

बोरखेडी, जि. अमरावती
ता. १० फेब्रुवारी १९६३

चि. पंजाब यास बाईचा सप्रेम जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही सारे ठीक. तू, मैना आणि बाळ परतवाड्यास खुशाल असाल असं धरून चालते, कारण तू स्वतः काही कळवशील अशी आशा मी सोडली आहे. तुझ्या लग्नाला आपला मोठा भाऊ श्रावण आला नाही म्हणून तू त्याच्यावर रुसलास, आणि त्याच्यासोबत आम्हा सगळ्यांवर. रुस बापा. पण हे पत्र शेवटपर्यंत वाच, यात तुझंच काम आहे.

घरची खबर नेहमीचीच. श्रावणाला बडनेऱ्याला रात्रपाळी आहे, म्हणून दिवसा घरात कुणी खोकायचंही नाही. देवमनच्या जिनिंगचा हंगाम जोरात आहे. संध्याकाळी रुईने पांढरा होऊन येतो आणि तसाच जेवायला बसतो. मी अजून श्रावणाच्या पडवीतच आहे. सुंदरावहिनीने परवा तिथे ज्वारीची पोती रचली, तेव्हा माझी पेटी खाटेखाली गेली आणि शाळेच्या वह्या खाटेवर आल्या. तक्रार नाही, सांगितलं आपलं.

आता वावराचं. सडकेलगतचा तो अर्धा एकर बाबांनी रेल्वेच्या पगारातून घेतला तेव्हा तू पाळण्यात होतास. तिथे चारी लेकरांची घरं व्हावीत, हे त्यांचं बोलणं तूही ऐकलं आहेस, आणि त्यांच्या मागे वावराला आपल्या चौघांचीच नावं लागली. गेल्या वर्षी कमिटीची, म्हणजे नगरपालिकेची, हद्द वाढली आणि आपलं वावर एका रात्रीत गावात आलं. गावात आलं म्हणून आनंद मानावा, तर आता कमिटीच्या मंजूर नकाशाशिवाय तिथे खुंटीसुद्धा ठोकता येत नाही. दिवाळीत दोघे भाऊ मला म्हणाले, "बाई, तू शिकेल हायेस. कमिटीतलं तूच पाय, आन् वाटे बी तूच पाड."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. घरी बाई आणि शाळेतही बाई, पण वावराच्या गोष्टीत मला कुणी विचारल्याचं आठवत नाही. रविवारी रविवारी जाऊन मी सगळं वावर दोरीने मोजलं. नाल्याकडची जमीन पावसाळ्यात बसते, म्हणून तो वाटा रुंद ठेवला. विहिरीकडचा अरुंद केला. सडकेवरून मागच्यांना जायला गाडीवाट सोडली. चार वाटे असे पाडले की डोळे मिटून कोणताही उचलावा.

मग सुरू झाली कमिटीची वारी. ओवरसियर महादेवराव म्हणून एक गृहस्थ आहेत, वाईट नाहीत, पण भेटतील तर शपथ. एकदा कागद पातळ होता. एकदा उत्तर दिशेचा बाण राहिला. एकदा साहेब दौऱ्यावर, आणि दौरा म्हणजे काय तर समोरच्या हॉटेलात बसले होते, मी डोळ्यांनी पाहिलं. शाळा सुटल्यावर धावत जायचं आणि शिपायाला दाराला कडी लावताना पाहायचं, असा माझा हिवाळा गेला. शेवटी सापडले तेव्हा नकाशा पाहून हसले.

"बाई, हे चार हायेत."

"भावंडं चार आहेत," मी म्हटलं.

"भावंडं किती बी असू द्या. तीन तुकड्यापर्यंत साधा नकाशा चालते. चौथा पडला का ते ले-आऊट झालं. मंग मधातून वीस फुटाचा रस्ता पायजे, दोन्हीकडून नाल्या, आन् पोरायले खेळाले खुलं मैदान. आन् प्रत्येक तुकड्याचं तोंड रस्त्यावर पायजे, दुसऱ्याच्या अंगणातून जाणं चालत नाही."

"अर्ध्या एकरात मैदान?"

"कायदा एकर पायत नाही," म्हणाले, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

घरी येऊन सांगितलं. रस्ता सोडला तर जमीन जाते, खडी-मुरूम टाका, नाल्या बांधा, प्रत्येकाच्या घराचं अंगण जातं. दोघांची तोंडं उतरली. श्रावण म्हणाला, "मंग तीनच पाड." देवमन म्हणाला, "तीनच बरे."

मी तीन पाडले. तिन्हींची तोंडं सडकेला. विहिरीकडचा, मधला बोरीच्या झाडाचा, आणि नाल्याकडचा. नकाशा माझ्या सहीने दाखल झाला आहे, पण कोणता तुकडा कुणाच्या नावे हे लिहून दिल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. आणि बाबांची रीत तुला माहीत आहे: सगळ्यांत धाकट्याने आधी उचलायचं, आणि पाडील त्याने शेवटी घ्यायचं. लहानपणी आंबा मीच कापायची, म्हणून फाका किती नेमक्या व्हायच्या आठवतं? आणि माझ्याकडे कोय यायची तेही आठवत असेल.

तेव्हा तू आधी सांग. तू सांगत नाहीस तोवर सगळे खोळंबले आहेत. परतीच्या टपालाने कळव. बाळाचे पापे घे.

तुझी
बाई


बोरखेडी
ता. ३ मार्च १९६३

चि. पंजाब यास आशीर्वाद आणि जय भीम.

तुझं कार्ड मिळालं. चार वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, पहिल्यापेक्षा सुधारलं आहे. "विहिरीचा वाटा माझा. बाकी ठीक. मैनाचा जय भीम." एवढंच. कार्डावर अर्धी जागा कोरी होती. मी उलटून पाहिलं, मागे फक्त पत्ता.

विहिरीचा घेतलास ते बरं केलंस. पाणी गोड आहे.

तुझं कार्ड आलं त्यानंतरच्या रविवारी दुपारी श्रावणाने सगळ्यांना अंगणात बसवलं. देवमन तुझ्यापेक्षा मोठा, श्रावणापेक्षा लहान, म्हणून पुढची पाळी त्याची. त्याने बोरीचा उचलला. श्रावण म्हणाला, "मंग मले नाल्याचा." नाल्याचा म्हणून कुरकुरला नाही, उलट रुंद आहे म्हणाला, गोठा होईल म्हणाला. मग दोघे भाऊ घराची दारं कोणत्या दिशेला ठेवायची त्यावर बोलू लागले. मी तिथेच बसून होते. हातात पेन्सिल होती, नावं लिहायला बसवलं होतं ना मला.

मी लिहिली. पंजाब मोतीराम, देवमन मोतीराम, श्रावण मोतीराम. लिहून झाली तरी मी पेन्सिल ठेवली नाही. वाटलं, आता कुणीतरी बोलेल.

सुंदरावहिनी चहा घेऊन आली, तिला माझ्या तोंडाकडे पाहून काय वाटलं कोण जाणे. म्हणाली, "बाई, तुमी काहून उदास होऊन राहिल्या? तुमाले काय कमी हाये? तीन भावाचे तीन घरं होतीन, तिन्ही तुमचेच. मन लागन तिथं राहा."

"चार-चार महिने," देवमन हसून म्हणाला. "पाळीपाळीनं."

सगळे हसले. वाईट मनाने कुणी हसलं नाही, पंजाब, हेच तर दुखणं आहे. वाईट मनाने बोलले असते तर मी तिथल्या तिथे चहाची कपबशी फेकली असती. माझे भाऊ चांगले आहेत. बाबांची रीतही चांगली आहे. ज्याच्या हातात सुरी त्याला लबाडी करता येऊ नये म्हणून केलेली. तिच्यात मी कधी खोट काढली नाही. पण चार माणसं आणि तीन वाटे झाले की ती रीत मला काय देते, हे या घरात कुणाला दिसू नये?

तुला वाटेल, हिने तीन पाडतानाच का नाही तोंड उघडलं. मलाही तेच वाटतं आणि रात्रंदिवस त्याचाच राग येतो. नकाशावर तिसरा वाटा आखला तेव्हाच मला दिसत होतं की चौथा नाही. मी मुद्दाम आखला. म्हटलं, पाहू, श्रावण म्हणतो का, "बाई, आन् तुझं?" श्रावण नाही म्हणाला, तर देवमन म्हणेल. देवमन नाही, तर पंजाब लिहील; तो रुसलेला आहे पण त्याला मी कडेवर घेऊन शाळेत गेले आहे, तो लिहील. मग तुझं कार्ड आलं.

अकोल्याहून नवऱ्याचं घर सोडून आले, त्याला आता बारा वर्षं होतील. बाबांनी मला तेव्हा एक शब्द विचारला नाही. नॉर्मल शाळेत घातलं, मास्तरीण केलं. त्यानंतर मी कधी याच्या घरी, कधी त्याच्या घरी. पेटी या खोलीतून त्या खोलीत. मला राजवाडा नको. एक खोली, पुढे ओटा, आणि दाराला माझं कुलूप. मी घरी नसताना माझ्या खाटेवर कुणी पोती ठेवू नयेत, एवढंच. हे मी आजवर कुणाला बोलले नाही. तुला लिहिते आहे, कारण तू समोर नाहीस.

तू काय करावंस ते मी सांगणार नाही. तुझी बायको आहे, लेकरू आहे, विहिरीचा वाटा तू रीतीने उचलला आहेस. पण मला उत्तर लिही. एक ओळ लिही.

तुझी
बाई


बोरखेडी
ता. २४ मार्च १९६३

चि. पंजाब यास,

उत्तर आलं नाही. तीन आठवडे मी पोस्टमनच्या वेळेला शाळेच्या फाटकात उभी राहिले, मुली हसायला लागल्या, मग ते बंद केलं. बाळ आजारी असेल, तू कामाला आहेस त्या वखारीत लाकडाचा लिलाव असेल, माझं पत्रच पोचलं नसेल. सगळी कारणं मीच तुझ्या वतीने शोधून ठेवली आहेत. आता मला त्यांचा कंटाळा आला.

सोमवारी मी कमिटीत गेले. या वेळी महादेवराव जागेवर होते, खुर्ची ओढून दिली, म्हणाले, "बाई, तुमचं काम झालंच समजा. नावं आली तसा नकाशा मंजुरीले गेला. आता येऊनच राहिला."

मी म्हटलं, "म्हणूनच आले. नकाशा परत द्या."

त्यांना वाटलं पुन्हा बाण राहिला. मी म्हटलं, बाण बरोबर आहे, माणूस राहिलं आहे. दाखल माझ्या सहीने झाला, परतही माझ्या सहीने घेते. ते बराच वेळ मला समजावत बसले. एवढे हेलपाटे घातले, आता काहून माघार घेता, म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं. मला त्या माणसाचा पहिल्यांदाच राग आला नाही. अर्ज लिहून दिला आणि नकाशा पिशवीत घालून घरी आले.

संध्याकाळी दोघा भावांना सांगितलं. देवमन खाली बसला. श्रावण एवढा ओरडला की शेजारचे बाहेर आले.

"काहून केलं असं? मी गवंड्याले सांगून राहिलो आन् तू! काय पायजे होतं तुले? तोंडानं मांगता नाही आलं?"

"मागायचं नव्हतंच मला," मी म्हटलं. "मागायचं असतं तर मी पाहुणी असते. मी वारस आहे. तुझ्याइतकीच. कमिटीच्या कागदावर तुमच्या तिघांसोबत माझं नाव आहे, आणि ते कुणाच्या मेहेरबानीने लागलेलं नाही."

त्यावर तो डबा उचलून रात्रपाळीला निघून गेला. दोन दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही. वहिनीने ताट वाढलं ते दारातून सरकवलं. काल देवमन हळूच येऊन विचारून गेला, की वीस फुटांचा रस्ता सोडला तर बोरीचं झाड राहील का जाईल. मी म्हटलं, जाईल. तो डोकं खाजवत गेला. श्रावण अजून बोलत नाही. बोलेल किंवा नाही बोलणार.

राग मला अजून आहे, लपवत नाही. कमिटीवर आहे, तिने नियम केला म्हणून. तुमच्यावर आहे, तो तुम्हाला सोयीचा पडला म्हणून. आणि माझ्यावर सगळ्यांत जास्त आहे, की एवढी वर्षं नेमक्या फाका कापण्यातच मी मोठेपणा मानला.

तुझा विहिरीचा वाटा गेला, हे तुला नीट समजावं म्हणून स्पष्ट लिहिते. देवमनचा गेला, श्रावणाचा गेला. आता वाटे नाहीतच. सडकेलगत एक वावर आहे, त्यात गवत वाढलं आहे आणि ते चौघांचं आहे. घरं बांधायची असतील तर रस्ता सोडा, नाल्या बांधा, चार पाडा. सहीला मी हजर आहे. नसतील बांधायची तर गवत वाढू दे. माझा चौथा हिस्सा त्या गवतातही आहे.

मात्र पुन्हा वाटे पाडायचे झाले, तर पाडणारा दुसरा शोधा.

मैनाला आणि बाळाला जय भीम.

तुम्हा तिघांच्या बरोबरीची,
ललिता मोतीराम तायडे