चित्रातला अंगठा

३ जून
कॉन्व्हेंटच्या शाळेत दोन वर्ग एकाच खोलीत बसायचे; सिस्टरांची पाठ वळली की ताई आणि मी बाकाखाली हात हातात घ्यायचो. एकदा पेनाच्या निबने दोघींनी उजव्या मनगटावर निळा ठिपका टोचून घेतला. हरवलो तर ओळख पटेल, असं ताईचं म्हणणं. आज इस्पितळातल्या नव्या नोकरीच्या टेबलाशी बसले आणि तेच आठवलं. खिडकी मोठी, उजेड छान. रोगांच्या काळ्यापांढऱ्या फोटोंत पुस्तकासाठी हाताने रंग भरायचे. मोठे डॉक्टर हसून म्हणाले, बाई, लाली बेताने, नवरी नटवायची नाहीये. तपासणीच्या काचा धुणारी मावशी म्हणाली, इथे सगळं वाढतं, पगार सोडून.

६ जून
पेशींची चित्रं सुंदर आहेत, म्हणायला लाज वाटते. एकीच्या दोन, दोनाच्या चार, जणू कोणी लेस विणतंय. आता मोठी मालिका: एकाच हातावरची गाठ, बारा फोटो, वाटाण्यापासून मुठीपर्यंत. प्रत्येकात मोजपट्टी धरलेला डॉक्टरांचा अंगठा, नखावर चीर. बाराव्यात तर ते स्वतःच शेजारी उभे, हसत.

९ जून
पहिल्या फोटोत गाठीशेजारी, मनगटावर ठिपका आहे. रंग भरायच्या आधीच मला तो निळा दिसला.
ताई हातावरच्या गाठीने गेली तेव्हा मी परदेशी होते. फोनवर कौतुकाने सांगायची, डॉक्टर म्हणतात घाई नको, बघू या. दर आठवड्याला स्वतः फोटो काढतात गं. आम्हाला वाटायचं, केवढी काळजी! पहिल्याच दिवशी गाठ कापली असती तर दोन टाक्यांत भागलं असतं. मालिका मात्र अपुरी राहिली असती.

१० जून
ब्रश जास्त भिजला होता. लाल थेंब त्या अंगठ्यावर पडला. पुसला नाही.

११ जून
डॉक्टरांच्या अंगठ्यावर, चिरेपाशी, लाल फोड. दाखवायला आले. मी म्हटलं, घाई नको, बघू या.

१४ जून
आता जाणूनबुजून. तिसऱ्या फोटोत त्यांच्या अंगठ्यावर वाटाणा रंगवला, पाचव्यात लिंबू. मावशी म्हणते, साहेबांनी कोणाला तरी अंगठा दाखवला असणार.

१६ जून
माझा ठिपका फुगलाय. ब्रश ठेवला की ठणका थांबतो. कळलंय मला. तरी उचलते.

१७ जून
उद्या डॉक्टरांचा अंगठा कापणार म्हणे. दहाव्या फोटोत त्यांचा हात कोपरापर्यंत दिसतो — तिथवर रंगवला. कापा.

१९ जून
गाठीखाली माझा ठिपका दिसत नाही. बोटं वळत नाहीत —
रंगपेटी मावशीच्या नातीला. पहिला फोटो ताईच्या मुलीला, तिला आई ओळखू येईल. बारावा डॉक्टरांच्या हातात द्या, ओला असतानाच. रंग त्यांच्या छातीपर्यंत आलाय. गळा तेवढा —