बगळीची जागा

४ सप्टेंबर, गुरुवार

सापडली! कौलांच्या कारखान्यामागच्या ओल्या कुरणात, रान सुरू होतं त्या कडेला, जिथे बुटात पाणी शिरतं तिथे. एका दांड्यावर पाच पांढरी फुलं, पाकळ्यांच्या कडा झालरीसारख्या. जणू उडायच्या बेतात. पुस्तकात हिला लांबलचक नाव आहे. मास्तर आणि मी नुसतं बगळी म्हणतो. किती वर्षं शोधतोय!

आणि नेमका आजच मास्तरांचा गुडघा धरला. चित्रकला शिकवणं थांबलं, तरी गावाचे ते मास्तरच. माझ्याबरोबर चिखल तुडवणारं एवढं एकच माणूस उरलंय. मी मोठ्यानं ओरडले. ऐकायला कुणी नव्हतं.

५ सप्टेंबर

मास्तरांना सांगितलं. आनंदात बशीतला चहा सदऱ्यावर. मग एकदम आवाज खाली – कुणाला सांगायचं नाही. मागे एका वर्तमानपत्रानं अशाच एका फुलाची जागा छापली. आठवड्याभरात तिथे नुसते खड्डे, आणि फुलं बंगल्यांच्या कुंड्यांत मरून गेली. तेव्हापासून आम्हा फुलवेड्यांचा नेम – पाहिलं म्हणावं, कुठे ते म्हणू नये.

शपथच घ्यायला लावली. जिनं जन्मभर लाउडस्पीकरवर लोकांची बिंगं फोडली, तिला! घेतली.

७ सप्टेंबर

लेकीचा फोन. ‘आई, फुलांपुढेही भाषण ठोकतेस का गं?’ हसले. फोन ठेवल्यावर घर फार शांत झालं.

१३ सप्टेंबर

कारखान्याच्या फाटकावर नगरपालिकेची नोटीस. कुरणातून चर खणून पाणी काढणार. कशासाठी? ट्रक उभे करायला! हरकती बावीस तारखेला ऐकणार.

डोकं तापलं. दोन खोल्यांत येरझाऱ्या घालत भाषण तयार केलं. ज्यांना ओलीत फक्त चिखल दिसतो, त्यांनी आपल्या विहिरीत डोकावून पाहावं – वगैरे. भिंती गप्प. पूर्वी अशा वाक्याला मैदान उठायचं.

१४ सप्टेंबर

मास्तरांकडे गेले. नियम सांगितला – दुर्मीळ झाड कुठे आहे ते दाखवलं तरच काम थांबतं. जागा सांगू द्या म्हटलं. ते मान हलवत राहिले. ‘शपथ घेतलीत, बाई.’

कडाक्याचं भांडलो. मी त्यांना भित्रे म्हटलं. ते म्हणाले, तुम्हाला फूल नकोय, सभा हवीय.

लागलं. निम्मं खरं आहे म्हणूनच लागलं.

१८ सप्टेंबर

मास्तर फिरकले नाहीत. एकटीच गेले. बगळीची खालची दोन फुलं सुकलीत, वर एक नवी कळी. ‘हे बघा’ म्हणायला वळले – मागे गवत.

थर्मासमध्ये त्यांच्या वाटणीचा चहा उरला. घरी आणून गारच प्यायले.

२१ सप्टेंबर

बाजारात माझ्या सभांचा जुना मांडववाला भेटला. ‘ताई, उद्या गाजवणार ना?’ त्याला वाटतं मी अजून तीच आहे.

ठरवलं. जागा सांगणार नाही. वहीला कशाला फसवू – यात तत्त्व बित्त्व काही नाही. बोलले तर मास्तर कायमचे तुटतील. मग ‘चला बाई’ म्हणणारं कुणीच राहणार नाही.

२२ सप्टेंबर

सभागृह अर्धं रिकामं. मास्तर मागच्या बाकावर. मी ओलीवर बोलले, बेडकांवर, विहिरींवर. आवाज छान लागला होता. हरकती ऐकणारे नगरपालिकेचे साहेब कंटाळले नव्हते, तेच वाईट. त्यांनी विचारलं, दुर्मीळ फूल म्हणता, ते नेमकं कुठे? नकाशा पुढे सरकवला. मी तो परत त्यांच्याकडे सारला. त्यांनी पुन्हा विचारलं. चांगला माणूस! पेन उघडून थांबला होता.

‘सांगता येणार नाही.’

हरकत फेटाळली. मास्तर उठून निघून गेले. गहिवरले असतील. मी शब्द पाळला ना!

२७ सप्टेंबर

यंत्र आलं. दुपारपर्यंत चर रानाच्या कडेपर्यंत पोचला. बगळी होती तिथे मातीचा ढीग, माझ्या छातीइतका. बूट कोरडे राहिले.

२८ सप्टेंबर, रविवार

मास्तर आले. बसले नाहीत.

‘मला नेम मोडता येत नव्हता, बाई. म्हटलं, तुम्ही मोडाल. तुम्ही कधी कुणाचं ऐकलंयत?’