ठमीकडून घेतलेले डोळे

४ जानेवारी
मुलीच्या घरी राहायला आलो. तिचं लाडाचं नाव ठमी, ते लग्नानंतरही सुटलं नाही. खोली छान आहे. मोठी खिडकी, तिच्याखाली टेबल. जावयाने आपली खोकी स्वतः उचलून बाहेर नेली आणि ही खोली आता तुमचीच, म्हणाला. बायको गेल्यावर मी एकटाच होतो. दोनदा गॅसवर दूध करपवलं, तेवढं निमित्त ठमीला पुरलं. आज तिने नवाकोरा टॅबलेट आणि त्याचं पेन माझ्या हातात ठेवलं. चित्र काढा बाबा, नाहीतर दिवसभर रस्ता राखत बसाल, म्हणाली. कोपऱ्यावर छपाईच्या दुकानाच्या वर एक बाई शिकवतात. मनापासून बरं वाटलं.

११ जानेवारी
बाई ठमीच्याच वयाच्या, पण शिस्तीच्या. त्यांनी लेअर समजावले. काचेवर काच ठेवावी तसे ते थर असतात. डोळे एका काचेवर, ओठ दुसरीवर. म्हणजे एक पुसलं तरी बाकीचं शाबूत राहतं. चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे लगेच कळलं. सरावाला जावयाचा चेहरा काढला. बटाट्याला चष्मा शोभतोय, म्हणाला. ठमी हसून खुर्चीतून पडायची राहिली. हसताना आधी तिचे खांदे हलतात, आवाज मागाहून येतो. अगदी हिच्यासारखं, तिच्या आईसारखं.

२५ जानेवारी
हिचा चेहरा काढायला घेतला. अडचण अशी की हिला फोटोचा तिटकारा होता. जिथे तिथे हात आडवा, नाहीतर पाठमोरी. ओळखपत्रावरचा एक आहे, तो मोठा केला की नुसते ठिपके दिसतात. डोळे मिटले तर मला हिच्या चष्म्याची काडी आठवते, केस आठवतात, कपाळ आठवतं. पुढे काही येत नाही. इतकी वर्षं समोर असलेला चेहरा असा कसा जातो? बाईंनी उपाय सांगितला. मुलगी आईवर गेली असेल तर तिला समोर बसवा, डोळे तिचे घ्या.

२ फेब्रुवारी
ठमी खिडकीशी बसली. डोळे उतरले. सारखे नव्हे, हिचेच. पापणीची कड, बुबुळावरचा उजेडाचा ठिपका. पेन खाली ठेवून बघत राहिलो. त्या आनंदात सगळे लेअर एकत्र करून टाकले. बाई रागावल्या. आता एकच काच झाली, यातून काही वेगळं निघणार नाही, म्हणाल्या. मला कशाला वेगळं काढायचंय?

५ फेब्रुवारी
ठमीचा फोन चेहरा बघून उघडतो. आज उघडेना. ती बघते तेही माणसाच्या आरपार. डोळ्यांच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. झोप पुरत नसेल, जावई म्हणाला. मीही तेच म्हटलं.

९ फेब्रुवारी
ओठ काढले, त्याच काचेवर. ठमीला बसायचं नव्हतं, जबडा जड झालाय म्हणत होती. आईसाठी बस, असं मीच म्हटलं.
चित्र आता हसण्याच्या बेतात आहे.
ठमी जेवताना बोलली नाही. जावयाने खोदून खोदून विचारलं. नुसती मान हलवली.

१२ फेब्रुवारी
शेजारच्या काकू रोज भेटतात. आज जिन्यात त्यांनी ठमीला विचारलं, कोणाकडे आलात?
मला शंका होती. ताडून पाहिलं. चित्रातला डावा डोळा पुसला. ठमी स्वयंपाकघरातून धावत आली. त्या एका डोळ्याने तिने मला ओळखलं. फक्त त्याच डोळ्यात पाणी होतं.
आणि चित्रात ही, एका डोळ्याने आंधळी. मला बघवेना. पुसलेलं परत आणायचं बटण दाबलं. ठमी जागीच थांबली. मग वळून गेली.
मी तिचा बाप आहे.

१३ फेब्रुवारी
जावयाला सगळं सांगितलं. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, बाबा, तुम्ही दुःखात आहात, थोडे पडा. दारापर्यंत गेला. तिथून हळूच विचारलं, लग्नात ठमी कशी दिसत होती हो?
मलाही आठवेना.

१६ फेब्रुवारी
पुसायचं. सगळं. एकच काच आहे, डोळ्या-ओठांतून ठमीचं तेवढं निवडून काढता येत नाही. ही पूर्ण गेली तरच ठमी पूर्ण परत येईल. दुसरी प्रत नाही.
ठमीला समोर बसवलंय. खोलीत ऊन आहे. धीर सुटू नये म्हणून लिहीत लिहीत पुसतोय.
केस गेले. कपाळ गेलं. ते माझ्या आठवणीतलं होतं, ठमीला त्याचा उपयोग नाही.
राहिले डोळे आणि ओठ.
पेन टेकवलं. चित्रातले ओठ हलले —
"अहो."
ठमी नव्हे. ठमी गप्प —
"अहो, इकडे बघा ना जरा."
हिचाच आवाज. किती दिवसांनी —
बघायचं नाही. ठमीने माझं मनगट धरलंय. दाबतेय. तिला बोलता आलं असतं तर —
"अहो —"
पुसायचं. ओ दिली की हात थांबेल, ओ द्यायची नाही. ठमी समोर आहे, ओ द्यायची नाही, ओ —